वरीलपैकी सर्व

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून:

पत्रलेखिका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. मुलगा १५ वर्षांचा, दहावीत, इंग्रजी माध्यमात. सहावीपर्यंत हाताला लागेल ते वाचायचा. सातवीत मोबाइल आला आणि पुस्तकं सुटली. आता त्याचं वाचन म्हणजे फोनवरच्या जपानी चित्रकथा, त्याही इंग्रजीतून, आणि फुटबॉलच्या सामन्यांवरच्या चर्चा. दिवाळीनंतर आजोबा, म्हणजे पत्रलेखिकेचे वडील, अचानक गेले. आजोबा-नातवाचं मेतकूट होतं, तरी मुलगा रडला नाही. ‘काय वाटतंय रे?’ विचारलं की ‘माहीत नाही’, ‘वीअर्ड वाटतंय’, फार तर ‘लो वाटतंय’. एकदा आपणहून म्हणाला, ‘दहाव्याला सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा खूप ऑकवर्ड झालं.’ (आईने ‘अवघडल्यासारखं झालं म्हण’ असं सांगितल्यावर तो उठून गेला.) मग आईने ४० भावनांचा तक्ता करून त्याच्या कपाटाच्या दाराला चिकटवला. रोज झोपताना त्यातल्या एकीवर खूण करायची. चार दिवसांनी त्याने तक्त्याखाली बॉलपेनने लिहिलं, ‘वरीलपैकी सर्व’. यजमान म्हणतात, ‘मुलगा आहे, बोलणार नाही, सोड.’ पत्राच्या शेवटी दोन किरकोळ म्हणून सांगितलेल्या गोष्टी: आजोबांचा आदल्या संध्याकाळचा फोन मुलाने उचलला नव्हता, खेळ चालू होता, आणि आजोबांनी त्यांच्या गावातल्या वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक, आत एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं, अजून यांच्याच घरात पडून आहे.

प्रश्न असा: वाचन सुटल्यामुळे माझ्या मुलाची भावनांची भाषाच खुंटली आहे का? रोज एक तास मराठी वाचनाची सक्ती करू का?

नमस्कार बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तक्त्याखालच्या त्या दोन शब्दांपाशी चांगली मोठ्याने हसले. दुसऱ्या वेळी हसू आलं नाही. वाटलं, पोराने सरळ उत्तर लिहिलंय आणि तुम्ही ते उद्धटपणाच्या खात्यात टाकलंय.

असं का म्हणते ते सांगते. एरिक नूक या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ५ ते २५ वर्षं वयाच्या मुलामुलींना मन अस्वस्थ करणारी चित्रं दाखवायची आणि प्रत्येक चित्र बघून राग किती आला, भीती किती वाटली, वाईट किती वाटलं, हे वेगवेगळं नोंदवून घ्यायचं. आपल्याला वाटेल, वय वाढेल तशी माणसं या भावना एकमेकींपासून जास्त सफाईने वेगळ्या करत जातील. पण निघालं भलतंच. लहान मुलं त्यात बरी होती, विशीच्या पुढची मंडळीही बरी होती. मधली, म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाची, कच्ची निघाली. कारण असं की लहान मूल एका वेळी एकच भावना सांगतं. राग म्हणजे राग, बाकी सगळं शून्य. किशोरवयात एकाच प्रसंगी चार-पाच भावना एकदम येऊन आदळायला लागतात आणि त्यांची गाठ सोडवायचं कसब अजून हातात बसलेलं नसतं. ते पुढे बसतं.

तेव्हा सहावीतला तुमचा मुलगा ‘मला राग आलाय’ असं स्वच्छ सांगायचा आणि आता ‘माहीत नाही’ म्हणतो, याचा अर्थ भाषा खुंटली असाच होत नाही. आतली गर्दी वाढली असेल. तुम्ही त्याला चाळीसांतून एकीवर खूण करायला सांगितलीत. त्याला एकही एकटी सापडेना. दहावीतल्या मुलाला अशा प्रश्नाचं जे उत्तर माहीत असतं ते त्याने लिहून टाकलं.

सातवीत मोबाइल आला आणि पुस्तकं सुटली, हेही जरा तपासून बघा. सातवीत बाकीही बरंच काही आलं असणार: आवाज फुटला, क्लास लागले, मित्र बदलले. मोबाइलची बाजू मला घ्यायची नाही, पण सगळा आळ त्याच्यावर घातला की आपण दुसरीकडे बघायचं सोडून देतो.

आता तुमच्या पत्रातल्या कंसाबद्दल. हो, त्या ‘अवघडल्यासारखं’बद्दल. ‘दहाव्याला सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा खूप ऑकवर्ड झालं.’ हे वाक्य एकदा फळ्यावर लिहा आणि वर्गातल्या मुलाने लिहिलंय असं समजून तपासा. प्रसंग आहे, कारण आहे, बघणारे आहेत, स्वतःला काय झालं ते आहे, किती झालं तेही आहे. ‘काय वाटतंय’ या प्रश्नाचं याहून पुरं उत्तर कुठलं? ते त्याने न विचारता दिलं. आणि तुम्ही त्यातला शब्द दुरुस्त केलात.

मी तुम्हाला बोल लावायला बसलेली नाही, कारण हे मीही केलंय. माझी भाची तेरा-चौदाची असताना एकदा म्हणाली, ‘मावशी, तिला बक्षीस मिळालं ना तेव्हा मला जेलस नाही, वेगळंच काहीतरी झालं. तिचं वाईट व्हावं असं नाही, पण मला पण पाहिजे होतं.’ मी चटकन म्हटलं, ‘हेवा! त्याला हेवा म्हणतात. दुसऱ्याचं वाईट चिंतलं की तो मत्सर.’ अगदी प्रश्नमंजूषेत घंटी वाजवावी तसं. ती ‘बरं’ म्हणाली आणि आत गेली. शब्द बरोबर होता. भाची मात्र ते वेगळंच काहीतरी पुन्हा कधी सांगायला आली नाही.

गंमत म्हणजे तुमची दुरुस्तीही तशी काठावरच पास होणारी. बसून बसून पाय अवघडतात, दिवस राहिलेल्या बाईला आपण अवघडलेली म्हणतो. चारचौघांच्या नजरा अंगावर आल्या की जे होतं त्याला जवळचा शब्द बघायचा तर तो कानकोंडं होणं. तोही पुरता बसत नाही, कारण कानकोंड्या माणसाच्या मनात थोडी अपराधाची टोचणी असते. (ती तुमच्या मुलाच्या मनात नसेलच असं नाही. त्याकडे येते.) मुद्दा एवढाच की तो शब्द शोधत होता, आणि शोधताना त्याच्या हाताला इंग्रजी लागला. अशा वेळी भाषेचा प्रश्न पाच मिनिटं बाजूला ठेवायचा. ‘मग? कोण बघत होतं?’ एवढं विचारलं असतंत तर कदाचित अजून तीन वाक्यं मिळाली असती.

वाचनाने भावनांची भाषा येते का, हा तुमचा मुख्य प्रश्न. येते, पण आपण समजतो तशी सरळ रेषेत येत नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला आणि जगभर गाजला: चांगल्या साहित्यातला छोटा उतारा वाचला की लगेच माणसाला दुसऱ्याचे डोळे बघून त्याच्या मनातलं जास्त ओळखता येतं. शिक्षकांच्या व्याख्यानांत तो अजून ऐकू येतो. पुढे बऱ्याच जणांनी तोच प्रयोग पुन्हा करून बघितला आणि तसा परिणाम काही दिसेना. वर्षानुवर्षं गोष्टी वाचणाऱ्यांना दुसऱ्याच्या मनाचा अंदाज थोडा बरा येतो, हे मात्र अनेकदा दिसलंय. पण ‘थोडा’ म्हणजे थोडाच. शिवाय वाचल्यामुळे तसं होतं की तशी माणसंच वाचनाकडे वळतात, हे त्यातून कळत नाही. आपल्या ओळखीत बघा ना. पुस्तकात डोकं खुपसून बसलेली, हजारो पानं पोटात गेलेली आणि तरीही घरात ‘काही नाही’पलीकडे न बोलणारी किती मुलं आहेत! आणि चौथी शिकलेली एखादी आजी ‘जीव नुसता टांगणीला लागलाय गं’ म्हणून मोकळी होते.

आणखी एक गोष्ट तुमच्या तक्त्यासाठी महत्त्वाची. २०२० मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात लोकांच्या मोकळ्या लिखाणातले भावनांचे शब्द मोजले होते. ज्यांच्या लिखाणात दुःख-राग-भीतीच्या शब्दांची विविधता जास्त, ते मनाने जास्त त्रासलेले आढळले. ज्यांच्याकडे सुखाचे, समाधानाचे शब्द वेगवेगळे, त्यांचं बरं चाललेलं होतं. शब्दांमुळे त्रास होतो असा याचा अर्थ नाही. माणूस जिथे जास्त राहिलाय तिथले शब्द त्याच्याजवळ जास्त साठतात, असं मी त्याचं वाचन करते. म्हणून चाळीसचे साठ करून काही साधणार नाही. आणि तुमच्या चाळिसांत ‘हायसं वाटलं’, ‘अप्रूप वाटलं’, ‘भरून आलं’ किती आहेत, तेही एकदा मोजा.

मग नाव देऊन उपयोग काय? आहे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी मेंदूतला भीतीशी संबंधित भाग थोडा शांत होताना दिसला. पण तिथे शब्द कोणते होते? राग, भीती, अशी अगदी पहिलीतली नावं. म्हणजे ‘लो वाटतंय’ हा शब्द तुम्हाला गरीब वाटला तरी तोही काही काम करत असेल.

पुस्तकं करतात ते काम निराळंच आहे, आणि इथे मराठीच्या बाईंशी बोलायला मला आवडेल. दहावीच्या गाइडात ‘हिरमुसणे’चा अर्थ काय दिलेला असतो? नाराज होणे. ‘खट्टू होणे’? नाराज होणे. ‘रुसणे’? तेच. मुलं पाठ करतात, वाक्यात उपयोग करतात, गुण घेतात आणि तिन्ही शब्द एकाच खड्ड्यात पुरून टाकतात. आता नुसती चित्रं बघा. हिरमुसायला आधी उत्साह लागतो. पोरगं धावत काहीतरी दाखवायला आलं, आपण फोनवरून मान वर केली नाही, ते हिरमुसलं. रुसायला बघणारा लागतो. समजूत काढायला कोणी येणारच नसेल तर कोण रुसेल? हुरहूर सुट्टी संपत आली की लागते, रुखरुख राहून गेलेल्या गोष्टीची लागते, आणि धाकधूक निकालाच्या आदल्या रात्री. हे फरक कुठल्या तक्त्यात मावत नाहीत. ते गोष्टीत सापडतात, कारण गोष्टीत शब्दाच्या आधी प्रसंग येतो. तोही एकदा वाचून भागत नाही. एकच शब्द पाच-सात वेगवेगळ्या प्रसंगांत भेटला की कधीतरी तो आपला होतो, आणि कधी झाला ते आपल्याला कळतही नाही.

वाचनाचा दुसरा उपयोग मला त्याहून मोठा वाटतो. गोष्टीतला मुलगा तिसरा असतो. त्याच्याबद्दल बोलता येतं. ‘तुला काय वाटतं?’ या प्रश्नापुढे जे पोर दगड होऊन बसतं, तेच ‘हा असा का वागला रे?’ म्हटलं की दहा मिनिटं बोलतं. त्यातलं किती त्या मुलाबद्दल आणि किती स्वतःबद्दल, हे आपण विचारायचं नाही.

म्हणून सक्तीचा तास नको. पहिलं कारण साधं: दहावीचं वर्ष आहे, तो तास तो कसाबसा काढेल आणि वाचन म्हणजे आजोबा गेल्यावर झालेली शिक्षा, असं मनात पक्कं होईल. दुसरं कारण असं की तो वाचतोच आहे. जपानी चित्रकथा तुम्ही वाचनात धरत नाही. मीही धरत नव्हते. एकदा हातात घेतली आणि चकित झाले. पान बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं; मी दोन पानं उलटी वाचून ‘हे काय भलतंच’ म्हणत बसले होते. त्यात कधी कधी सबंध पानभर कोणी बोलत नाही. नुसता पाऊस, नुसती बंद पडलेली सायकल, नुसता अर्धा चेहरा. पात्राच्या मनात चाललेलं मात्र चौकटीमागून चौकट लिहिलेलं. न रडणाऱ्या मुलाला हे का आवडत असेल, हे मला त्या दिवशी थोडं कळलं.

तर त्याला म्हणा, ‘मला वाचायला शिकव.’ परीक्षा घेतल्यासारखं नको, खरंच शिका. कुठल्या बाजूने सुरू करायचं, कपाळावरच्या घामाच्या थेंबाचा अर्थ काय, हा कोण, तो कोण. शिकवणाऱ्याच्या खुर्चीत त्याला बसू द्या. पहिल्या आठवड्यात ‘यातून काय बोध घेतलास?’ हे तुमच्या तोंडून निघता कामा नये. तुम्हाला ते जड जाईल, याची मला कल्पना आहे.

मराठी पुस्तकं नंतर, आणि दोनच. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) नववीतल्या मुलाची आहे. तो मनात अखंड बोलत असतो आणि त्यातलं बरंचसं घरी सांगत नाही. आणि प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन नावाचा मुलगा, ‘वनवास’ या पुस्तकापासूनचा. लंपनला काही नेमकं सांगता आलं नाही की तो ‘मॅड’ शब्दावर वेळ भागवतो. तुमच्या मुलाच्या ‘वीअर्ड’चा थोरला भाऊच म्हणा ना, आणि त्या पुस्तकाच्या मराठीला कुणी नावं ठेवलेली मला आठवत नाहीत. फक्त लंपन आजी-आजोबांकडे राहतो, तेव्हा घाई नको. परीक्षेनंतर घरात दिसेल असं ठेवा, हातात कोंबू नका.

‘काय वाटतंय?’ हा प्रश्नही काही दिवस रजेवर पाठवा. त्याऐवजी कधी ‘कुठे वाटतंय?’ विचारून बघा. आपल्या भाषेत भावना अंगात राहतात. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, घशाशी आवंढा अडकतो, कानशिलं तापतात, हातपाय गार पडतात. ज्याला नाव सांगता येत नाही त्याला जागा सांगता येते. ‘पोटात काहीतरी आहे’ हे उत्तर चालेल. त्यावर पुढे काही बोलायचीही गरज नाही. आणि राग आपल्याला ‘येतो’, भीती ‘वाटते’, रडू ‘कोसळतं’. मराठीत ही सगळी बाहेरून आल्यासारखी आपल्याकडे येतात आणि जातात. ‘मी लो आहे’पेक्षा ‘मला लो वाटतंय’ हे जास्त मराठी आहे बघा. त्यात जायची सोय आहे. तुमचा मुलगा ‘वाटतंय’ म्हणतो. म्हणजे क्रियापद तुम्ही त्याला नीट दिलेलं आहे.

न रडण्याचं फार मनावर घेऊ नका. भरताच्या नाट्यशास्त्रातले ३३ व्यभिचारी भाव, म्हणजे मनात येऊन जाणारे भाव, तुम्ही कधीकाळी पाठ केले असतील. त्यांत ‘जडता’ आहे. प्रिय किंवा अप्रिय वार्ता कानावर आली की माणूस काहीच करेनासा होतो, बोलत नाही, टक लावून बघत राहतो. ती भावांच्या यादीत घातलेली आहे, भावांच्या अभावात नाही.

यजमानांचं ‘सोड’ मला निम्मं पटतं. मागे लागणं सोडा, इथपर्यंत ठीक. ‘मुलगा आहे, बोलणार नाही’ हे मात्र त्यांनी त्याच्यासमोर म्हणू नये, कारण मुलगे अशी वाक्यं आज्ञा समजून पाळतात. मुलं समोरासमोर बसवून बोलत नाहीत हे खरंय. शेजारी बसून बोलतात: गाडीवर मागे बसल्यावर, भांडी पुसताना, दिवे गेल्यावर. यजमानांना या कामी लावा. त्यांनी काही विचारायचं नाही, फक्त त्याच्याबरोबर अर्धा सामना बघायचा.

आता जे लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले ते.

तुमचं पत्र तीन पानी आहे. त्यात मुलाच्या ‘लो’वर एक परिच्छेद आहे, मोबाइलवर एक, तक्त्यावर दीड. गेले ते तुमचे वडील. तुम्हाला काय वाटतंय याबद्दल त्या तीन पानांत एकही शब्द नाही. तुम्ही मराठीच्या शिक्षिका, तुमच्याजवळ शब्दांची कमी असेल असं मी मानत नाही. पण तुमच्या मुलाने गेल्या काही महिन्यांत घरात मोठ्या माणसाच्या तोंडून दुःखाचा कुठला शब्द ऐकला असेल? ‘काय वाटतंय रे?’ हा प्रश्न त्याने अनेकदा ऐकला. ‘मला आज बाबांची फार आठवण आली’ हे वाक्य ऐकलं का?

मुलं भावनेचे शब्द मुख्यतः इथून उचलतात. कुणीतरी जवळचं माणूस स्वतःबद्दल ते वापरतं, मुलाला उद्देशून नव्हे, असंच, भाजी चिरता चिरता. ‘बाबा शेवटी मला म्हणाले होते ये म्हणून, आणि मी पुढच्या रविवारी म्हटलं. त्याची रुखरुख जात नाही.’ (हे माझं उदाहरण. तुमचं जे असेल ते.) असं म्हणायचं आणि भाजी चिरत राहायचं. त्याच्याकडे बघायचं नाही, ‘तुला पण असं होतं का?’ विचारायचं नाही.

कारण तुम्ही किरकोळ म्हणून लिहिलेला तो न उचललेला फोन. तो त्याला किरकोळ वाटत असेल असं मला वाटत नाही. पण मी चुकतही असेन, त्याने तो विचार केलाही नसेल. म्हणून ‘तुला त्या फोनचं वाईट वाटतंय ना?’ असं तयार वाक्य त्याच्या तोंडात घालू नका. नसलेली अपराधाची भावना आपणच हातात दिल्यासारखं होईल. तुमची रुखरुख त्याच्या कानावर पडली, तर त्याची असली तर तिला बाहेर यायला वाट राहील. आणि तो कधी त्या फोनबद्दल बोललाच, तर ‘छे, त्यात काय एवढं!’ म्हणून झटकून टाकू नका. आधी पूर्ण ऐका. मग सांगा की आजोबा रोज फोन करायचे, कधी तो उचलायचा, कधी नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचेच. हे खरं असेल तरच सांगा.

एका गोष्टीत मात्र वाट बघू नका. झोप किंवा जेवण पार बिघडलं, मित्र आणि फुटबॉल दोन्ही सुटलं, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, किंवा ‘माझं नसणंच बरं’ अशा अर्थाचं काही गमतीतही बोलला, तर पुस्तक, शब्द, मी, सगळं बाजूला ठेवून समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं, आणि आईने स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

ज्यांची मुलं अजून आठ-दहाची आहेत अशा वाचकांनाही एक सांगते, कारण अशी पत्रं फार येतात: ‘मुलाला वाचनाची गोडी कशी लावू?’ रात्री मोठ्याने वाचून दाखवायचं मूल वाचायला शिकलं म्हणून बंद करू नका. आपण पहिलीत ते बंद करतो आणि सातवीत वाचन सुटलं म्हणून रडतो. विकत घ्यायला पैसे नसतील तर बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. वाचताना कठीण शब्द आला तर अर्थ सांगत थांबू नका, आवाजातून कळू द्या. आणि मुंजीत पुस्तकांचे संच वाटणाऱ्यांनो, मीही तुमच्यातलीच, पण त्यांतलं एकही पुस्तक आपण त्या पोराबरोबर बसून वाचलं होतं का?

बाई, आता ते वाचनालयाचं पुस्तक. ते पोस्टाने पाठवू नका आणि भावाकडे देऊ नका. परीक्षेच्या आधी एखादा रविवार काढून, वाचनालय त्या दिवशी उघडं असतं का ते विचारून, मुलाला बरोबर घेऊन एसटीने जा. पुस्तक त्याच्या मांडीवर राहू दे. तिकीट जिथे आहे तिथे तो उघडेल किंवा उघडणार नाही; उघडलं तर आजोबा कुठवर आले होते ते त्याला दिसेल. तुम्ही खिडकीबाहेर बघा. पुढचं पान वाचून दाखव म्हणाला तर वाचा. पुस्तक ठेवून घ्यावंसं वाटलं तर तिथल्या ग्रंथपालांना विचारून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत वाचनालयाला देता येते का बघा. दंड बराच झाला असेल. तो मुलाच्या हातून भरा आणि पावती त्यालाच ठेवू दे.